फिरणाऱ्यांचा शब्द

इ.स.पू. ४३२ साली रोममध्ये एक कायदा झाला. निवडणुकीला उभं राहणाऱ्याने आपल्या वस्त्राला पांढरा रंग चढवायचा नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. रोमन नागरिकाचा टोगा लोकरीचा, लोकरीच्या मूळ रंगाचा. त्यावर खडूची पूड चोळून तो लांबूनही डोळ्यांत भरेल इतका शुभ्र करायचा आणि मग चौकात उतरायचं, अशी इच्छुकांची रीत पडली होती. चारेकशे वर्षांनंतर ही हकिगत लिहिणाऱ्या लिव्हीने वर शेराही मारला आहे, की आज ही बाब क्षुल्लक वाटेल, पण त्या वेळी तिच्यावरून उच्चकुलीन आणि सामान्य प्रजा यांच्यात मोठं रण माजलं होतं. कायद्याचा उपयोग मात्र झाला नाही. पुढे शुभ्र टोगा हीच निवडणूक लढवणाऱ्याची खूण ठरली. शुभ्र या अर्थाच्या ‘कांदिदुस’वरून ‘कांदिदातुस’, म्हणजे पांढरा केलेला माणूस. इंग्रजीतला कँडिडेट तो हाच. या शब्दाच्या मुळाशी चकाकण्याचा धातू आहे आणि आपला चंद्रही त्याच कुळातला. पांढऱ्याफेक, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं आपल्या गल्लीत कोणत्या मोसमात दिसू लागतात हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यापुढे समजावून सांगायला नको.

ही प्रस्तावना त्या कपड्याविषयी नाही. तो घालून माणूस जे करायचा, त्याविषयी आहे. तो फिरायचा. फोरम नावाच्या मुख्य चौकात, देवळांच्या पायऱ्यांवर, आठवडी बाजारात, एकाकडून दुसऱ्याकडे. लॅटिनमध्ये ‘आंबि’ म्हणजे भोवती आणि ‘इरे’ म्हणजे जाणं. संस्कृतातलं ‘अभितः’ हे त्या आंबिचं भावंड आणि ‘एति’ म्हणजे जातो, यातला ‘इ’ धातू त्या इरेचा सख्खा भाऊ. दोन्ही मिळून ‘आंबिरे’: भोवती फिरणं, फेरी घालणं. त्यावरून ‘आंबितिओ’: मतांसाठी घातलेली फेरी. आणि त्यावरून, फ्रेंचांच्या घरून जाऊन, चौदाव्या शतकात इंग्रजीत पोचलेला शब्द अँबिशन.

शाळेत आपण अँबिशन म्हणजे महत्त्वाकांक्षा असं पाठ केलं. (दोन त लागतात, निबंधात तिथे हमखास गुण जात.) महत्त्वाची आकांक्षा, म्हणजे मनातली गोष्ट. ती कुणाला न सांगता आयुष्यभर बाळगता येते. रोमनांच्या आंबितिओची तशी सोय नव्हती. ती पायांनी करायची होती, दिवसाउजेडी, लोकांसमोर, आणि ज्यांच्या मताचं आपल्याला एरवी काडीचंही मोल नाही अशांचे हात हातात घेऊन. इच्छेला फिरावंच लागे, कारण हवं ते देणारा दुसरा कुणीतरी होता. माझ्या मते या शब्दाच्या दोन हजार वर्षांच्या प्रवासातली मोठी घटना हीच, की वाटेत तो देणारा गळाला आणि मागणारा एकटा उरला. पुढच्या पानांत ज्या पत्राचं भाषांतर आहे, त्यात देणारा अजून जागेवर आहे. किंबहुना त्याला कसं जिंकायचं, एवढाच त्या पत्राचा विषय आहे.

पत्र इ.स.पू. ६४ सालचं मानलं जातं. मार्कस तुलिअस सिसेरो त्या वर्षी कॉन्सल या सर्वोच्च पदासाठी उभा होता आणि धाकटा भाऊ क्विंटस याने त्याला निवडणूक कशी लढवावी याचं टिपण लिहून दिलं. ‘उमेदवारीचं छोटं टिपण’ असं त्याच्या लॅटिन नावाचं मराठी करता येईल. ते खरोखर क्विंटसचंच की नंतरच्या कुणा हुशार वक्तृत्वशिक्षकाने त्याच्या नावाने रचलेलं, यावर विद्वानांत वाद आहे. मला ते खरं वाटतं. थोरल्या भावाला शिकवण्याची हौस आणि आपण शिकवत नाही आहोत असं वारंवार सांगण्याची धडपड, हे दोन्ही त्यात ज्या प्रमाणात आहे, ते बनवून आणणं कठीण.

सिसेरोची अडचण घराण्याची होती. तो आर्पिनुम या गावचा, जन्म इ.स.पू. १०६. पैसा बेताचा नव्हता, शिक्षण उत्तम, वकिलीत त्याच्या तोडीचा दुसरा कुणी उरलेला नव्हता. पण त्याच्या कुळात कुणी मोठ्या पदावर बसलेलं नव्हतं. अशाला रोमन ‘नवा माणूस’ म्हणत आणि या विशेषणात कौतुक औषधालाही नसे. ठरावीक घराण्यांनी कॉन्सलपद आपसांत फिरवत ठेवलं होतं. क्विंटस भावाला बजावतो, की रोज चौकात उतरताना आपण नवे आहोत, मागतो आहोत ते कॉन्सलपद आहे आणि गाव रोम आहे, हे मनाशी घोळवत जा. मग तो कामाला लागतो. ज्यांचे खटले तू लढवलेस त्यांची यादी काढ. उपकार फेडण्याची त्यांना हीच वेळ आहे, पुन्हा येणार नाही, हे त्यांना कळू दे. इटलीचा नकाशा गावागावांसह तोंडपाठ कर. खेड्यातल्या माणसाला तू नावाने हाक मारलीस, की तो स्वतःला तुझा मित्र समजू लागतो. घरच्या नोकरांशीही नीट वाग, कारण चौकातल्या बहुतेक वावड्या घरातूनच सुटतात. दार उघडं ठेव, पण चेहरा बंद असेल तर उघड्या दाराचा उपयोग नाही.

माणसांच्या वर्दळीचे तो तीन प्रकार करतो. सकाळी घरी येऊन नमस्कार करून जाणारे, घरापासून चौकापर्यंत सोबत येणारे आणि दिवसभर मागे राहणारे. पहिले चार ठिकाणी हजेरी लावतात हे तुला माहीत असलं तरी माहीत नसल्यासारखं दाखव, असा सल्ला तो देतो. दुसऱ्यांसाठी वेळ पाळ, रोज ठरल्या वेळी चौकात उतर, कारण मागे किती माणसं आहेत यावरून मतांचा अंदाज बांधला जातो. तिसऱ्यांतले जे आपखुशीने येतात त्यांचे आभार मान. जे उपकाराखातर बांधलेले आहेत त्यांना स्वतः येणं जमत नसेल, तर घरचं दुसरं माणूस पाठवायला सांग. कोणत्याही वॉर्डातल्या अनुभवी माणसापुढे हा उतारा नाव न सांगता ठेवला, तर तो फक्त गाव विचारील.

आश्वासनांबद्दलचा भाग वाचताना मात्र आजचा वाचकही थोडा अवघडेल. क्विंटसचं गणित असं: नाही म्हटलं तर राग नक्की येतो, लगेच येतो आणि पुष्कळांना येतो. हो म्हणून काम झालं नाही, तर राग कदाचित येतो, उशिरा येतो आणि थोड्यांनाच येतो. तेव्हा हो म्हणावं. सिसेरो तत्त्वज्ञानाचा अभ्यासक असल्याने त्याला हे पटायला जड जाईल, याची क्विंटसला कल्पना आहे. तो त्यासाठी कॉट्टा नावाच्या, पूर्वी निवडणुका गाजवलेल्या पुढाऱ्याचा दाखला देतो. खुशामतीबद्दलही तेच. एरवीच्या आयुष्यात ती लाजिरवाणी खरी, पण उमेदवाराला तिच्यावाचून गत्यंतर नाही. आणि निवडणूक पार पडेपर्यंत कोणत्याही प्रश्नावर ठाम मत देऊ नकोस: सीनेटला वाटू दे तू तिचा, धनिकांना वाटू दे तू त्यांचा, आणि सामान्य लोकांना वाटू दे की निदान तू त्यांच्या विरुद्ध तरी नाहीस.

या फिरण्याची स्वतःची हत्यारं होती. उमेदवाराच्या बाजूने एक गुलाम चाले. त्याला ‘नोमेंक्लातोर’, म्हणजे नावं पुकारणारा म्हणत. समोरून कुणी आलं, की तो धन्याच्या कानात नाव सांगे आणि धनी जुनी ओळख असल्यासारखा पुढे होई. यालाही एकदा कायद्याने मनाई झाली. तो कायदा सगळ्यांनी मोडला. पाळला एकट्या धाकट्या कॅटोने. सैन्यातल्या एका पदासाठी उभा असताना त्याने मतदारांची नावं स्वतः पाठ केली, असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो. या कडक माणसाने नियम पाळल्याचं कौतुक होण्याऐवजी बाकीच्या उमेदवारांना त्याचा संताप आला, हेही प्लुटार्क सांगायला विसरत नाही.

इथे दुसरा शब्द येतो आणि गोष्ट रंगते. आंबिरेपासूनच ‘आंबितुस’ निघाला. त्याचाही अर्थ फेराच. रोमच्या सर्वांत जुन्या, बारा पाट्यांच्या कायद्यात घराभोवती सोडायच्या अडीच फुटांच्या मोकळ्या पट्टीला आंबितुस म्हटलं आहे. नगरपालिकेच्या भाषेत सामासिक अंतर. पण निवडणुकीच्या कायद्यात आंबितुस म्हणजे गुन्हा. फेरी घालताना पैसे वाटणं, जेवणावळी घालणं, माणसं भाड्याने आणणं. एकाच क्रियापदाची दोन अपत्यं, एक रीतीचं आणि एक बेकायदेशीर, आणि त्यांच्यामधली रेघ कुठे मारायची यावर रोमन प्रजासत्ताकाने तीनशे वर्षं कायदे केले. इ.स.पू. ३५८चा कायदा बाजार आणि जत्रा फिरून मतं मागणाऱ्यांविरुद्ध होता, आणि लिव्ही स्पष्ट सांगतो की तो नव्या माणसांना आवरण्यासाठी केला होता. म्हणजे ज्यांना घरबसल्या मतं मिळत, त्यांनी ज्यांना फिरावं लागे त्यांच्या पायात बेडी घातली. इ.स.पू. १३९मध्ये गुप्त मतदान आलं. मेण लावलेल्या पाटीवर नाव लिहून ती पेटीत टाकायची. मतदार ज्या अरुंद पुलांवरून पेटीकडे जात, त्यांवर उभं राहून पाट्यांत डोकावणारे होतेच. म्हणून इ.स.पू. ११९मध्ये मेरिअसने ते पूल आणखी अरुंद करवले, म्हणजे शेजारी कुणाला उभंच राहता येऊ नये. मतदान केंद्राच्या रचनेतून लाच रोखण्याची याहून सुटसुटीत युक्ती मला ठाऊक नाही.

पैशाची व्यवस्थाही चोख होती. वाटणारे वेगळे, आणि निकाल लागेपर्यंत रक्कम तिऱ्हाईत म्हणून सांभाळणारे वेगळे. दोघांनाही लॅटिनमध्ये स्वतंत्र नावं आहेत. धंदा रुळल्याशिवाय नाव पडत नाही. आपल्याकडे मतदानाच्या आदल्या रात्रीच्या पाकिटाला ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणतात, त्यामागचं शास्त्र हेच. इ.स.पू. ६६मध्ये निवडून आलेले दोन्ही कॉन्सल आंबितुसखाली दोषी ठरले आणि पदावर बसण्याआधीच गेले. इ.स.पू. ५४मध्ये तर उमेदवारांनी इतकं कर्ज उचललं, की रोममध्ये व्याजाचा दर वर्षाला चार टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर गेला. ही बातमी सिसेरोच्याच एका खासगी पत्रात आहे. त्या वर्षी कॉन्सलपदासाठी उभ्या असलेल्या चौघांवरही खटले भरले गेले.

सिसेरोचं पुढे काय झालं? तो निवडून आला, सर्व गटांच्या मतांनी. दुसरा निवडून आलेला अँटोनिअस, प्रतिस्पर्धी कॅटिलाइन पडला. आणि इ.स.पू. ६३मध्ये कॉन्सल म्हणून सिसेरोने आंबितुसविरुद्ध नवा, अधिक कडक कायदा करवून घेतला: दोषीला दहा वर्षं हद्दपारी, आणि निवडणुकीआधीच्या दोन वर्षांत ग्लॅडिएटरांचे खेळ भरवायलाही बंदी. त्याच वर्षी त्या कायद्याखाली म्युरेना या नवनिर्वाचित कॉन्सलवर खटला उभा राहिला. फिर्यादी होते पडलेला उमेदवार सर्व्हिअस सुल्पिसिअस, जो मोठा कायदेपंडित होता, आणि कॅटो. आरोपीचा वकील कोण? कायदा करणारा सिसेरो.

ते भाषण उपलब्ध आहे आणि निवडणुकीवर एवढं खेळकर भाषण दुसरं सापडणं अवघड. सुल्पिसिअसला तो चिमटे काढतो, की तू ऐन प्रचारात पुरावे गोळा करत हिंडलास. लोकांना तू उमेदवार न दिसता फिर्यादी दिसलास, आणि खटल्याची तयारी करणारा माणूस जिंकण्याची आशा सोडून बसला आहे हे त्यांनी ओळखलं. कॅटोला विचारतो, की तू एवढा सत्यनिष्ठ, मग मतं मागताना तुझ्याही बाजूला नावं सांगणारा का? हा टोला प्लुटार्कच्या हकिगतीशी जुळत नाही. वर्षांचं अंतर आहे, आणि माणूस तेवढ्यात बदलूही शकतो. पण माझ्या मते त्या भाषणाचा गाभा वेगळ्याच जागी आहे. म्युरेनाच्या मागे एवढी गर्दी कशी, असा फिर्यादींचा प्रश्न होता. ती भाड्याचीच असणार. सिसेरो उत्तर देतो की गरिबाजवळ थोरामोठ्यांचे उपकार फेडायला दुसरं आहे काय? तो कुणाला जामीन राहू शकत नाही, कुणाला जेवायला बोलावू शकत नाही. त्याच्याजवळ एक मत आहे आणि मागे चालण्याइतके पाय आहेत. तेही तुम्ही कायद्याने बंद करणार? वकिलाचा युक्तिवाद म्हणून तो सोयीचा आहेच, आणि म्युरेना बहुधा निर्दोष नव्हता. पण आंबितिओत चालणारा उमेदवार एकटा नसे, त्याच्यामागे चालणाऱ्याचाही त्यात हिशेब असे, हे इतक्या स्वच्छ शब्दांत दुसऱ्या कुणी मांडलेलं नाही. म्युरेना सुटला.

कॅटोची गोष्ट पुरी करतो, कारण क्विंटसच्या पत्राची ती उलटी बाजू आहे. इ.स.पू. ५१च्या कॉन्सलपदासाठी तो उभा राहिला. त्याआधी त्याने सीनेटकडून ठराव करवून घेतला, की उमेदवारांनी मतं स्वतः मागावीत, मध्यस्थांमार्फत नाही. यामुळे मध्यस्थांच्या हातून मिळणारे पैसेही गेले आणि मानही गेला, म्हणून लोक चिडले. आणि स्वतः मागण्याची वेळ आली तेव्हा गोड बोलणं, हात धरणं त्याला जमेना. तो पडला. पडलेल्याने काही दिवस घराबाहेर न पडण्याचा रिवाज होता. कॅटो त्याच दिवशी अंगाला तेल लावून मैदानात चेंडू खेळला. त्याला पद नको होतं असं नाही. त्याला फिरायचं नव्हतं. आजच्या अर्थाने तो महत्त्वाकांक्षी ठरेल. त्याच्या काळच्या अर्थाने त्याच्यापाशी आंबितिओच नव्हती.

हे सगळं वाचून कुणी रोमला लोकशाहीचं माहेर समजू नये. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत १९३ गट होते आणि मतं गटांची मोजली जात. श्रीमंतांचे गट आधी मत देत, आणि बहुमत झालं की मोजणी थांबे. मालमत्ता नसलेल्या साऱ्या लोकांचा मिळून एकच गट. बहुतेकदा त्याची पाळीच येत नसे. स्त्रियांना मत नव्हतं, गुलामांचा तर प्रश्नच नव्हता. तरीही मत नसलेल्यांना निवडणुकीत रस नसे असं नाही. इ.स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराच्या भिंतींवर निवडणुकीच्या हजारो रंगीत घोषणा सापडल्या आहेत, आणि त्यांत खानावळीत काम करणाऱ्या बायकांनीही अमक्याला निवडा म्हणून लिहवून घेतलेलं आहे. व्हाटिआ नावाच्या एका उमेदवाराला रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा, भुरट्या चोरांचा आणि झोपाळूंचा पाठिंबा असल्याच्या घोषणा आहेत. त्या त्याच्या विरोधकांनी रंगवल्या की त्याच्या मित्रांनी गमतीत, हे आता व्हाटिआलाच ठाऊक.

शब्द बदलला तो निवडणुका मेल्यावर. इ.स. १४मध्ये टायबेरिअस सम्राट झाला आणि अधिकाऱ्यांची निवड लोकांच्या सभेकडून सीनेटकडे गेली. लोकांनी थोडी कुरकुर केली, असं इतिहासकार टॅसिटस लिहितो. सीनेटरांना मात्र हायसं वाटलं, कारण आता पैसे वाटायला नकोत आणि हात जोडायला नकोत. फिरणं संपलं, पण शब्द राहिला. त्याचं मनाकडे सरकणं आधीच सुरू झालं होतं: सिसेरोच्याच पिढीतला सल्लस्ट आंबितिओ म्हणताना मोठेपणाची हाव म्हणतो आणि तिला दुर्गुणच मानतो, पण लोभाच्या मानाने सद्गुणाच्या जवळचा. आता सरकायला दुसरी वाटच उरली नाही. चार शतकांनी ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात ख्रिस्ती जीवाची तीन प्रलोभनं तपासतो, तेव्हा तिसऱ्याला तो ‘जगाची आंबितिओ’ म्हणतो. तिथे चौक नाही, टोगा नाही, मतदार नाही. माणूस आहे आणि त्याचा देव आहे.

इंग्रजांना शब्द मिळाला तो या धार्मिक शाईत बुडवलेला. त्यामुळे तिथे कित्येक शतकं अँबिशन ही शिवी होती. गर्व आणि मिजाशीच्या शेजारी बसणारी. शेक्सपिअरच्या १५९९च्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ब्रूटस खुनाचं समर्थन म्हणून हा एक शब्द पुरेसा समजतो, आणि अँटनी तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारून त्यातली हवा काढतो. प्रसंग रोमच्या चौकातला, समोर रोमचे मतदार, आणि शब्दाचा मूळ अर्थ मात्र कुणाच्याच मनात नाही. ‘मॅकबेथ’मध्ये, जो मराठी प्रेक्षकाला शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे परिचित आहे, ती आणखी खोल, झोप उडवणारी झाली. फिरण्याचा अर्थ शेक्सपिअरच्या हाती लागला तो ‘कोरिओलेनस’मध्ये, आणि तोही बहुधा शब्दामुळे नाही, प्लुटार्क वाचल्यामुळे. तिथे विजयी सेनापतीला कॉन्सल होण्यासाठी साध्या वस्त्रात चौकात उभं राहून, जखमा दाखवून मतं मागावी लागतात. त्याला ते सहन होत नाही. पद हवं आहे, लढायची तयारी आहे, मागायची नाही. अख्खी शोकांतिका त्या मागण्याच्या अपमानावर उभी आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्याने ते नाटक जरूर वाचावं. क्विंटसने कोरिओलेनसला काय सल्ला दिला असता, हे डोळ्यांपुढे आणणं फार मनोरंजक आहे.

शिवीची पदवी कशी झाली, ही कथा लांब आहे आणि या पुस्तकाची नाही, थोडक्यात उरकतो. बेकनने १६१२मध्ये तिच्यावर निबंध लिहिला आणि तिला शरीरातल्या पित्तासारखं मानलं: वाट मोकळी असेल तर माणूस उद्योगी, कोंडली तर विषारी. स्पिनोझाला ती कीर्तीची बेसुमार वासना वाटली. ॲडम स्मिथने १७५९मध्ये गरिबाच्या मुलाची गोष्ट सांगितली, जो श्रीमंतांकडे बघून आयुष्यभर राबतो आणि म्हातारपणी ओळखतो की मिळवलं ते खेळण्याच्या किमतीचं होतं. पण याच फसगतीवर जगाचा उद्योग चालतो, असं म्हणून स्मिथ मोकळा होतो. १७८८मध्ये अमेरिकेच्या संविधानाची बाजू मांडताना मॅडिसनने एका पुढाऱ्याची अँबिशन दुसऱ्याच्या अँबिशनने रोखावी अशी रचना सुचवली. दुर्गुण नष्ट करण्याचा विचार सोडून तो यंत्रात जुंपला गेला. त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांत नोकरीच्या मुलाखतीत अँबिशन नसणं हा दोष ठरला.

मराठीत हा शब्द या धुतलेल्या रूपात आला. त्याच्या जुन्या अर्थासाठी मात्र आपल्याकडे आधीपासून बरंच काही होतं. ‘प्रचार’ घ्या. चर् म्हणजे चालणं. पुढे पुढे चालत जाणं तो प्रचार. रोमनांनी ‘भोवती’ घेतलं, आपण ‘पुढे’ घेतलं, पाय दोघांचेही चालतेच राहिले. आणि प्रचारफेरी म्हणताना आपण नकळत तीच गोष्ट दोनदा सांगतो. ‘उमेदवार’ हा फारसीतून आलेला, आशा धरून असलेला माणूस. तोच शब्द आपण वकिलाकडे किंवा कारखान्यात शिकाऊ म्हणून राबणाऱ्यालाही लावला, त्यामुळे मराठी उमेदवारीत आशेबरोबर सबुरीही आली. अलीकडे तिकिटाआधीच्या अवस्थेला ‘इच्छुक’ हा शब्द रूढ झाला आहे आणि वाढदिवसाच्या फलकांवर ‘भावी’. भावी नगरसेवक, भावी आमदार. गुडघ्याला बाशिंग बांधलेल्यांची ही भाऊगर्दी आपण हसण्यावारी नेतो. मला ती, मुलाखतीत पाच वर्षांनंतरचं स्वप्न सांगणाऱ्या सुटाबुटातल्या तरुणापेक्षा, जुन्या आंबितिओच्या जवळची वाटते. फलकावरचा माणूस निदान आपल्याला काय हवं आहे ते चौकात टांगतो आणि ते कुणाकडून हवं आहे हेही जाणतो. रीत आणि गुन्हा यांच्यामधल्या त्या रेघेचा प्रश्नही आपल्याकडे जिवंत आहे: १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३व्या कलमात भ्रष्ट आचाराची व्याख्या आहे आणि तिची सुरुवात लाचेपासूनच होते.

भाषांतराविषयी थोडं. माणसांची नावं मराठी वाचकाला इंग्रजीमार्गे परिचित आहेत तशीच ठेवली. सिसेरोचा किकेरो केला नाही. लॅटिन संज्ञा मात्र लॅटिन उच्चाराला धरून लिहिल्या. आंबितिओसाठी जिथे पाय चालतात तिथे ‘फेरी’ आणि जिथे मन चालतं तिथे ‘मोठेपणाची हाव’ असं योजलं. महत्त्वाकांक्षा हा शब्द पत्राच्या भाषांतरात कुठेही नाही. आंबितुसला सरळ ‘मतखरेदी’ म्हटलं, जरी त्यात खरेदीपलीकडचंही बरंच येतं. सर्वांत अडलो ‘आमिकुस’पाशी. कोशातला अर्थ मित्र. पण क्विंटस स्वतःच सांगतो, की निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द एरवीपेक्षा सैल वापरायचा: जो कुणी आपल्याकडे थोडा ओढा दाखवतो, घरी येतो-जातो, तो मित्र, आणि ज्यांच्याशी एरवी बोलायलाही शरम वाटेल अशांनाही या काळात बिनदिक्कत मित्र करता येतं. ‘कार्यकर्ता’ लिहिण्याचा मोह अनेकदा झाला. शेवटी मित्रच ठेवला, कारण क्विंटसला तो सैलपणा हवाच होता आणि वाचकाला तो बरोबर कळेल.